अंबाकाठची जमीन आणि तिचा वापर : प्रस्तावना

नागोठण्यापर्यंत समुद्राची भरती येते, ही गोष्ट मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्या प्रवाशाच्या सहसा लक्षात येत नाही. त्याला दिसतात हॉटेले, ट्रकची रांग, वाकणचा फाटा आणि डोंगराच्या कुशीत उभे असलेले कारखान्यांचे उंच मनोरे. पण धरमतरच्या खाडीतून आत घुसणारे पाणी अंबा नदीच्या पात्रातून वर चढत या गावापर्यंत येते. त्यामुळेच एकेकाळी नागोठणे हे बंदर होते. महाबळेश्वरला निघालेले मुंबईकर बोटीने इथवर येत आणि पुढे महाडच्या वाटेने घाट चढत. गावाजवळचा जुना दगडी पूल सोळाव्या शतकात चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी बांधल्याची नोंद गॅझेटियरमध्ये आहे. बंदर, पूल, बाजार, कोळीवाडा, भातशेती, डोंगरावरच्या वाड्या, रेल्वे स्थानक, पेट्रोरसायनांचा कारखाना हे सारे काही मैलांच्या घेरात आहे. जमिनीचा वापर हा विषय समजून घ्यायला महाराष्ट्रात याहून चांगला वर्ग शोधूनही सापडणार नाही.

हा विषय आपल्याकडे दोन कप्प्यांत शिकवला जातो. शहरी जमीन म्हणजे निवासी, व्यापारी, औद्योगिक. ग्रामीण जमीन म्हणजे शेती, गायरान, वन. जनगणनेत एखादी वस्ती नगर ठरायची तर तिथे किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला ४०० माणसांची घनता आणि शेतीबाहेर काम करणारे ७५ टक्के पुरुष कामगार असावे लागतात. तलाठी दप्तराचा हिशेब वेगळा. १९५० पासून देशभर जमीन नऊ प्रकारांत मोजली जाते : वने, बिगरशेती वापर, नापीक, कुरण, झाडझाडोरा, लागवडयोग्य पडीक, जुनी पड, चालू पड आणि निव्वळ पेरणी. हे कप्पे नोंदीसाठी ठीक आहेत. अडचण अशी की जमीन एका कप्प्यातून दुसऱ्यात का गेली, हे त्यांतून कळत नाही. नागोठण्यात ग्रामपंचायत आहे, पण गावाचे पोट मोठ्या प्रमाणावर कारखाना, दुकान, वाहतूक आणि नोकरी यांवर चालते. पेणला नगरपरिषद आहे, आणि तिच्या हद्दीला लागूनच भाताची खाचरे सुरू होतात. रोहा शहर आणि धाटावची औद्योगिक वसाहत यांच्यामध्ये शेत आहे, वाडी आहे. अशा ठिकाणी शहर कुठे संपले हे विचारण्यात फारसा अर्थ नाही. इथे विचारायचा प्रश्न दुसरा आहे : ही जमीन राखत कोण होते, तिचे पाणी कोणाच्या हाती होते, आणि ती राखण कधी सुटली?

माझे म्हणणे एवढेच आहे की या पट्ट्यातली जमीन आधी पडीक पडते आणि मग विकली जाते किंवा संपादित होते. पडीक पडणे ही तिची मूळची अवस्था नसते. त्यामागे कारणे असतात, तारखा असतात आणि बहुतेक वेळा पाणी असते.

खारेपाटापासून सुरुवात करू, कारण तिथे हे सर्वांत स्पष्ट दिसते. पेण आणि अलिबाग तालुक्यांच्या खाडीकाठची वाशी, वढाव, शिर्की, बोरी, दादर, रावे या बाजूची भातजमीन निसर्गाने दिलेली नाही, ती समुद्राकडून घेतलेली आहे. खाडीच्या तोंडाशी मातीचा बांध घालायचा, भरतीचे पाणी बाहेर अडवायचे, आणि चार-पाच पावसाळ्यांच्या गोड्या पाण्याने आतली माती धुऊन काढायची, तेव्हा कुठे भात उभे राहते. ब्रिटिश काळात आणि त्याआधीही हे काम शिलोत्री पद्धतीने होई. बाहेरचा बांध घालून तो राखणारा तो शिलोत्रीदार, आणि त्याबद्दल कसणारे त्याला सरकारी साऱ्याखेरीज बिघ्यामागे ठरलेले भात देत. ही पद्धत न्याय्य होती असे मी म्हणत नाही. अनेक ठिकाणी शिलोत्रीदार हाच सावकार आणि खोत होता. पण बांध फुटला तर कोणाच्या दारात जायचे, हे गावाला ठाऊक असे.

आतले बांध गाव स्वतः राखी. खारेपाटात या सामूहिक श्रमाला जोळ म्हणत. ज्याचे शेत बांधालगत आहे तोही येई आणि ज्याचे दूर आहे तोही, कारण खाऱ्या पाण्याला सर्व्हे नंबर कळत नाही. ओहोटी लागली की माणसे गुडघाभर चिखलात उतरत, फावड्याने कापलेल्या चिखलाच्या ढेपा हातोहात वर जात, आणि पुढची भरती यायच्या आत खांड, म्हणजे बांधाला पडलेले भगदाड, बुजलेली असे. बांधाचा सर्वांत चिकट शत्रू म्हणजे खेकडा. त्याने पाडलेले बोटभर बीळ वेळेवर बुजवले नाही, तर एका उधाणात तिथे माणूस बुडेल एवढे भगदाड पडते. म्हणून बांधावरून रोज कोणीतरी चक्कर मारावी लागे.

बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. उघाडी ही साधी पण फार शहाणपणाची रचना. तिची झडप खाडीच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याचा दाब वाढतो, झडप उघडते आणि पाणी खाडीत जाते. भरतीला बाहेरचे पाणी झडपेवर रेटते, ती घट्ट मिटते आणि खारे पाणी आत येत नाही. ना इंजिन, ना वीज. झडपेत ओंडका अडकला किंवा तिची फळी कुजली, की मात्र शेकडो एकरांचे पीक त्या एका फळीवर लटकते.

या जमिनीत भाताचे वाणही वेगळे. काळा राता, भुरा राता ही नावे जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी अजून आहेत. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २, ३ असे क्षार सोसणारे वाण दिले. अनेक ठिकाणी लावणी न करता रहू टाकतात, म्हणजे मोड आलेले बियाणे चिखलावर फेकतात. घरालगतच्या तळ्यात जिताडा मासा वाढतो, आणि पाहुणा आला की तोच काढला जातो. पेणच्या बाजूला मिठागरे आहेत. भात, मासा, मीठ, बांधावरचे गवत अशी चार-चार उत्पन्ने देणारी ही जमीन दप्तरात एकाच शब्दात मावते : जिरायत.

मग ती पडीक कशी झाली? स्वातंत्र्यानंतर १९४८ चा खार जमीन कायदा आला आणि १९७९ मध्ये त्याची जागा महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने घेतली. बाहेरच्या बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. हेतू चांगला होता. गरीब शेतकऱ्याला एवढा मोठा बांध एकट्याने परवडणारा नव्हताच. पण जबाबदारी वर गेली आणि तिच्याबरोबर खालची जोळही हळूहळू मोडली. खांड पडली की आता अर्ज, पाहणी, अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा. भरती मात्र दिवसातून दोनदा येते. खारे पाणी एकदा शेतात बसले की पुढचे दोन-तीन पावसाळे पीक धड येत नाही, आणि खांड उघडीच राहिली तर शेतात तिवर, म्हणजे कांदळवनातले झाड, उगवते. खाडीत मोठ्या बार्जची ये-जा वाढल्यापासून त्यांच्या लाटांनी बांध खचतात, अशीही काठावरच्या गावांची तक्रार आहे.

तिवर उगवल्यावर गोष्ट आणखी गुंतते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुढे २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनांना संरक्षण दिले. ते योग्यच आहे, कारण खाडीचा मासा तिथेच वाढतो आणि वादळाचा पहिला तडाखा तीच झाडे झेलतात. पण ज्याचे शेत बांध वेळेवर न दुरुस्त झाल्यामुळे कांदळवनात गेले, त्याच्या सातबाऱ्यावर ते अजून भाताचेच आहे. तो ते पुन्हा शेत करू शकत नाही, आणि वन म्हणून त्याचा मोबदलाही त्याला मिळालेला नाही. अशा माणसाकडे दलाल पहिल्यांदा येतो तेव्हा तो नाही कसा म्हणेल? खारेपाटातल्या जमिनीच्या व्यवहारांवर लिहिणाऱ्याने भावाचा आलेख काढण्याआधी फुटलेल्या बांधांचा नकाशा काढावा, असे मला वाटते.

या मातीत कसणाऱ्यांनी जमिनीसाठी केलेला सर्वांत मोठा लढा अलिबाग तालुक्यातील चरी गावातून उभा राहिला. १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी खोत-सावकारांची शेते कसायचे नाकारले. हा संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. त्या वर्षांत लोकांनी मासे मारून, लाकूडफाटा विकून दिवस काढले. जमीन पडीक राहिली, पण ती कसणाऱ्याने जाणूनबुजून पाडलेली पड होती, आणि त्या पडीच्या जोरावर त्याने आपला हक्क मागितला. पुढे कुळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसेल त्याच्या नावावर जमीन लागली. आज त्याच जमिनीच्या सातबाऱ्यावर पंचवीस-तीस वारसांची नावे दिसतात. काही मुंबईत, काही सुरतेत, काही कुठे ते गावालाही माहीत नाही. दहा-बारा गुंठ्यांचा एक तुकडा, त्यावर तीस नावे, मजुरीला माणूस नाही, भाताला परवडणारा भाव नाही. ही दुसरी पड आहे आणि तिच्यात कोणाचा हक्क मागितला जात नाही.

खारेपाटातून वर चढलो की गोडी जमीन लागते. इथे भात निघाल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल पेरतात. पाणी द्यावे लागत नाही, दव आणि ओल पुरते. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्ड्याच्या पाल्यात मडके भरून पोपटी लावली जाते. त्या पिकाची एक अट आहे. भात कापल्यावर गुरे मोकाट सोडायची नाहीत, हे साऱ्या गावाने मिळून ठरवावे लागते. शेजारच्या चार शेतांत कोणी पेरले नाही आणि गुरे सुटली, तर एकट्याने पेरलेला वाल राहत नाही. म्हणून वालाचे क्षेत्र घटणे हे एकेकट्या शेतकऱ्याच्या आळसाने होत नाही. शिवारातले काही मालक परगावी गेले, काहींनी प्लॉट पाडले, की उरलेल्यांचेही दुसरे पीक जाते.

त्याच्या वर वरकस. नाचणी, वरी, गवत, आणि राब भाजायला लागणारा पालापाचोळा देणारी ही उतारावरची जमीन. आणखी वर दळी. जुन्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकापासून ठाकूर, कातकरी, धनगर कुटुंबांना जंगलात कसण्यासाठी दळीच्या जमिनी दिल्या गेल्या, पुष्कळदा एका प्रमुखाच्या नावावर आणि कसणारी घरे अनेक. २००६ च्या वनहक्क कायद्याने या कसण्याला हक्क म्हणून मान्यता मिळायचा रस्ता उघडला, आणि दळीधारकांच्या दाव्यांसाठी उल्का महाजन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी रायगडात वर्षानुवर्षे काम केले. पण वीटभट्टीवर सहा महिने स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबाला आपण ही जमीन सलग कसतो याचा कागद कुठून मिळणार? खाडीकाठी बांध नाही म्हणून जमीन जाते, डोंगरावर कागद नाही म्हणून.

आता कारखान्यांकडे येऊ. १९८० च्या दशकात इंडियन पेट्रोकेमिकल्स या सार्वजनिक कंपनीचा वायूवर आधारित मोठा प्रकल्प नागोठण्याजवळ आला. समुद्रातला वायू उरणला येतो, तिथून नळाने इथे. शिहू, बेणसे, कडसुरे, वेलशेत, आंबेघर या बाजूच्या गावांची जमीन गेली. ५ नोव्हेंबर १९९० रोजी तिथे झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे दगावली. २००२ च्या निर्गुंतवणुकीत कंपनीचे नियंत्रण रिलायन्सकडे गेले आणि २००७ मध्ये ती त्यात विलीन झाली. सार्वजनिक कामासाठी म्हणून सक्तीने घेतलेली जमीन पुढे खासगी मालकीच्या उद्योगाखाली गेली आणि या बदलात मूळ मालकाला कोणी विचारले नाही, कारण विचारण्याची तरतूदच नव्हती. प्रकल्पग्रस्तांची आंदोलने त्यानंतरही चालूच राहिली. नोकऱ्या आल्या, पक्की घरे आली, मुले शिकली, हेही खरे आहे आणि ते लिहिल्यावाचून हा अभ्यास प्रामाणिक होणार नाही. डोलवीचा पोलाद कारखाना, सुकेळीचा पाइपचा कारखाना, धाटावची रसायने यांनी या भागातल्या हजारो घरांत पगार पोहोचवला.

धाटावची गोष्ट पाण्यापासून सांगावी लागते, आणि तिची सुरुवात घाटावर होते. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी मावळातली गावे पाण्याखाली गेली. १९२७ मध्ये ते पाणी पश्चिमेकडे वळवून भिऱ्याच्या वीजगृहावर पाडले जाऊ लागले. वीज मुंबईला गेली. पाणी उतरले कुंडलिकेत. कोकणातल्या नद्या पावसाळ्यानंतर आटतात, कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही वाहू लागली. डोलवहाळच्या बंधाऱ्यातून कालवे निघाले, रोहा-माणगावच्या शेतात उन्हाळी भात उभे राहिले, आणि त्याच बारमाही पाण्याच्या भरवशावर रसायनांची वसाहत आली. मावळातल्या बुडालेल्या शेतांनी कोकणातल्या शेतांना दुसरे पीक दिले आणि नदीला कारखानेही दिले. एका तालुक्याची हद्द आखून जमीन वापराचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती हा धागा लागत नाही.

पाण्याचाच धागा पेणच्या सेझविरोधी लढ्यात आहे. पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील ४५ गावांची जमीन महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेण्याचे २००६ च्या सुमारास ठरले. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे ज्येष्ठ नेते शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. देशात अशी गोष्ट क्वचितच घडली असेल. ही २२ गावेच का? कारण ती हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात होती. भोगेश्वरी नदीवरच्या या धरणाचे पाणी त्यांच्या शेतात यायचे होते. बहुसंख्य शेतकऱ्यांनी विरोधात मत दिले, आणि पुढे संपादनाची प्रक्रिया बारगळली. पण त्यानंतर कालव्यांचे काम वेगाने पुरे झाले का? नाही. धरणाचे पाणी नवी मुंबईच्या नव्या वसाहतींना मिळत राहिले आणि शिवारातले कालवे रखडले. जमीन वाचवणे आणि ती कसण्याजोगी ठेवणे या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली जिंकल्यावर दुसरी लढायला कोणी मोठा नेता येत नाही.

नागोठणे गावाकडे परत येऊ. अंबा खोऱ्यात जुलै १९८९ च्या पुराने वरच्या अंगाला जांभूळपाडा उद्ध्वस्त केला, तेव्हा नागोठण्यालाही त्याची झळ लागली. पुढेही जोराचा पाऊस आणि भरती यांची गाठ पडली की एसटी स्थानक, बाजारपेठ, कोळीवाडा पाण्यात जातात. नदीकाठची भाताची खाचरे पुराचे पाणी काही तास धरून ठेवीत असत. त्यांवर भराव टाकून गाळे आणि इमारती उभ्या राहिल्या, शेजारून रेल्वे आणि महामार्गाचे उंच भराव गेले, आणि पाण्याला पसरायला जागा कमी झाली. महसुली दप्तरात या खाचरांना भाताचे उत्पन्न होते, पूर झेलण्याचे मोल मात्र कुठेच लिहिलेले नव्हते. म्हणून बिनशेती परवानगी देताना ते कोणी वजा केले नाही.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांचाही उल्लेख करायला हवा. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत घरामागचे खळे, पडवी, शेतातली शेड मूर्तींनी भरलेली असते. ही जमीन गावठाण म्हणावी, शेती म्हणावी की उद्योग? हजारो हातांना काम देणारा हा वापर कोणत्याच रकान्यात नीट बसत नाही. उद्या नियोजनाचा नकाशा आखणाऱ्याने त्या जागेवर निवासी रंग भरला, तर एक अख्खा व्यवसाय नियमबाह्य ठरेल.

आणि नकाशे तर येतच आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांवर, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रावर, कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची घोषणा झाली. रोहा-मुरूडकडे १७ गावांत औषधनिर्माण उद्यानाचा प्रस्ताव आला, माणगाव-रोहा-तळा पट्ट्यात दिघी बंदराच्या औद्योगिक क्षेत्राचा. मुंबईपासून निघालेली ही रेघ पेणवरून नागोठण्याकडे सरकते आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मी विकासाच्या विरोधात नाही. या गावांतल्या तरुणांना काम हवे आहे आणि ते त्यांना गावाजवळ मिळावे. पण प्रत्येक नव्या आराखड्यात जमीन मोकळी आहे असे धरून सुरुवात होते, आणि ती मोकळी का दिसते याची चौकशी होत नाही. फुटलेला बांध, रखडलेला कालवा, न मिळालेला वनहक्क आणि न झालेली वारस वाटणी, या चारही गोष्टी दुरुस्त करता येतात. त्या दुरुस्त न करता जमीन पडीक ठरवणे हा अन्याय आहे.

म्हणून वाचकाला, आणि विशेषतः या पट्ट्यातल्या वाचकाला, एक विनंती. पुढच्या आराखड्याच्या हरकती मागवल्या जातील तेव्हा मुदत थोडी असेल आणि नकाशा दुसऱ्याने काढलेला असेल. त्याआधी आपल्या गावाचा नकाशा आपण काढावा. तलाठ्याकडून गावनकाशाची प्रत घ्या आणि त्यावर बांध, उघाड्या, खांडी, पुराची रेषा, वालाचे शिवार, दळीचे तुकडे, मूर्तींच्या शेड आणि कोळ्यांची जाळी वाळवायची जागा दाखवा. म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन शिवारातून एकदा फिरा, कारण कोणता बांध कोणत्या साली फुटला हे त्यांनाच आठवते. मग तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवा, ठरावाने मंजूर करून घ्या आणि त्याची पोच घेतलेली प्रत तहसीलदार कचेरीत द्या. हे काम एका उन्हाळ्यात होण्यासारखे आहे.